इनकम्प्लीट टाइपची कुळकथा

सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतले इंग्रज आग्र्याला पैसे पाठवत ते हुंडीने. वाटेवर मिरवायचा तो कागद. रोकड आग्र्याच्या पेढीवर. सी भाषेतला पॉइंटर अशीच हुंडी आहे, आणि इनकम्प्लीट टाइपचा जन्मही त्यातूनच झाला.

केन थॉम्प्सन यांनी 1972मध्ये युनिक्स सीमध्ये लिहून पाहिले आणि नाद सोडला. तेव्हा भाषेत स्ट्रक्ट, म्हणजे अनेक रकान्यांची एकत्र नोंद, नव्हते. ते आल्यावर, 1973च्या उन्हाळ्यात, बेल लॅब्समध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये उतरला. पण दोन स्ट्रक्ट एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर आधी कोणाची व्याख्या लिहायची? तोडगा साधा होता: आधी नुसते नाव सांगा, तपशील मागाहून. पॉइंटर म्हणजे पत्ता; त्याचा आकार ठरायला आतले रकाने माहीत असावे लागत नाहीत. 1989च्या अमेरिकी प्रमाणाने अशा अर्धवट नावाला रीतसर 'इनकम्प्लीट टाइप' म्हटले.

अडचणीतून निघालेल्या या वाटेचा लोकांनी पुढे पडदा केला. एस्क्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीच्या हेडर फाइलमध्ये डेटाबेसच्या स्ट्रक्टचे फक्त नाव आहे. वापरणाऱ्याने आत डोकावूच नये, हा त्यामागचा हेतू.

डीबगरचा मात्र धंदाच डोकावण्याचा! रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986मध्ये लिहिलेल्या जीडीबीला चालू फाइलमध्ये नुसते नाव सापडले, तर तो प्रोग्रामच्या बाकी फाइलींच्या डीबग माहितीत त्याच नावाची पूर्ण व्याख्या शोधतो. ही सोय मुळातच चालू असते. ड्वार्फ या डीबग माहितीच्या आराखड्यात 'ही केवळ घोषणा' अशी खूणही असते, त्यामुळे अर्धवट नोंद लगेच ओळखू येते. व्याख्या कुठेच नसेल तर जीडीबी पत्ता दाखवतो आणि आतल्या मजकुराच्या जागी 'इनकम्प्लीट टाइप' छापतो. अंदाजाने काही रचत नाही, हे त्याचे बरे आहे.

एक खोट मात्र उरते. शोध नावावर चालतो; दोन फाइलींत एकाच नावाचे वेगवेगळे स्ट्रक्ट असले, तर भलताच आराखडा गळ्यात पडू शकतो.

क्लँग कंपायलरने आणखी गंमत केली. व्याख्या दुसऱ्या फाइलीत मिळेलच, असे धरून तो जागा वाचवायला ती अनेकदा गाळतो. ती दुसरी फाइल डीबग माहितीशिवाय बांधलेली असली की शोध फसतो. तेव्हा 'इनकम्प्लीट टाइप' हा संदेश दिसला तर पॉइंटरवर संशय घेऊ नका. आधी ती फाइल ज्या लायब्ररीत आहे ती, डीबग माहितीचा '-जी' पर्याय लावून, पुन्हा बांधा.