घारे म्हणजे किती घारे?

श्रोतेहो, गोष्ट १९८०च्या दशकातली. माझे मामू नोकरीसाठी आखाती देशात निघाले होते. पासपोर्टच्या अर्जात ‘डोळ्यांचा रंग’ असा रकाना होता. घरात इंग्रजी लिहिणारा मीच, शाळकरी पोरगा. मामूंचे डोळे घारे. आता घाऱ्याला इंग्रजीत काय म्हणायचे? ‘फिका तपकिरी’ लिहितो म्हटले, तर नानी रागावली. ‘फिके काय रे? माझ्या लेकाची नजर बघ एकदा!’ शेवटी ‘ब्राउन’ लिहून मोकळा झालो.

नानीचे म्हणणे खरे होते, हे पुष्कळ उशिरा कळले. बुबुळाचा रंग मेलॅनिन या द्रव्यावर अवलंबून असतो. ते भरपूर असले की डोळे काळेभोर, कमी असले की घारे, अगदीच थोडे असले की निळे. निळ्या डोळ्यांत निळे द्रव्य नसतेच. आकाशात विखुरतो तसा तिथे उजेड विखुरतो. म्हणजे द्रव्याच्या हिशेबाने जो डोळा सर्वांत फिका, तोच पाहणाऱ्याला गहिरा निळा वाटू शकतो. फिकेपणा ही एक मोजणी, रंगाचा गहिरेपणा ही दुसरी. आपण दोन्हींना एकाच तागडीत घालतो.

हा घोळ निस्तरायचा एक मोठा प्रयत्न पोलिसांनी केला. १८८०च्या दशकात पॅरिसच्या पोलीस खात्यातले आल्फोन्स बेर्तियाँ गुन्हेगारांची ओळख नोंदवण्याची पद्धत बसवत होते. ‘निळे’, ‘करडे’ या बोलीतल्या शब्दांवर त्यांचा भरवसा नव्हता. बुबुळात पिवळे-तपकिरी द्रव्य किती, यावरून त्यांनी डोळ्यांचे ७ वर्ग पाडले. पुढे १९०३मध्ये स्विस मानववंशशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्टिन यांनी काचेच्या १६ डोळ्यांचा संचच तयार केला. समोरच्या माणसाचा डोळा या काचेच्या डोळ्यांशी जुळवायचा आणि आकडा लिहायचा. शब्दांची भांडणे मिटली.

पण मित्रहो, आकडा लिहिणाऱ्या हाताची नियत कोण मोजणार? नाझी जर्मनीत डोळ्यांच्या रंगावरून माणसाचा वंश आणि त्याची किंमत ठरवली जाऊ लागली. १९४३-४४मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत मेलेल्या आणि मारलेल्या कैद्यांचे डोळे योझेफ मेंगेले याने बर्लिनच्या संशोधनसंस्थेकडे पाठवले. त्यांतल्या काहींचा गुन्हा एवढाच, की एक डोळा एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा होता.

मामू आता नाहीत. त्यांचा जुना पासपोर्ट ट्रंकेत आहे; त्यात अजून ‘ब्राउन’च लिहिलेले आहे. नातवंडे विचारतात, ‘आजोबांचे डोळे कसे होते?’ मी ‘घारे’ म्हणतो. ‘म्हणजे किती घारे?’ मग मी त्यांना नानीच्या रागाची गोष्ट सांगतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)