कोल्हापुरातील चायनीज : तांबड्या रश्श्याच्या शेजारचे उपरे खाद्य

सायंकाळी रंकाळा चौपाटीवर किंवा राजारामपुरीत कोल्हापूरकर ज्याला ‘चायनीज’ म्हणतो, त्या खाद्याचा चीनशी असलेला संबंध दूरचा आहे आणि कोलकाता-मुंबईशी असलेला संबंध थेट आहे. ते कोणा चिनी कुटुंबाने या गावात आणले नाही. हिंदुस्थानातच घडलेले आणि मुंबईत मराठी जिभेच्या सवयीचे झालेले असे ते येथे आले.

या खाद्याचा उगम कोलकात्यात शोधावा लागतो. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात टोंग अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला हुगळीकाठी जमीन मिळाली आणि त्याने तेथे साखरेचा कारखाना काढला, ही भारतातील चिनी वसाहतीची पहिली ठळक नोंद होय. उसाच्या मुलखात राहणाऱ्या वाचकाला ती विशेष वाटावी. पुढे तिरेट्टा बाजारात कँटनकडचे सुतार स्थिरावले, तर टांग्रा भागात हक्का या दक्षिण चिनी समाजाने कातडी कमावण्याचा धंदा उभारला, आणि आज गाडीवरच्या फलकावर दिसणारे ‘हक्का नूडल्स’ हे नाव याच समाजाचे आहे. 1962च्या युद्धानंतर सुमारे 3000 चिनी वंशाच्या रहिवाशांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले, आणि सुटकेनंतर अनेकांनी देश सोडला. कोल्हापुरातील शिवाजी विद्यापीठाची स्थापनाही त्याच युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, 18 नोव्हेंबर 1962 रोजी झाली. चीन हे नाव त्या वेळी शत्रूचे होते, आणि पुढील दोन-तीन दशकांतच त्या नावाचे खाद्य विद्यार्थ्यांचे आवडते व्हावे, हा बदल लहान नव्हे.

मुंबईत माझगावला चिनी वस्ती होती आणि तेथील सी यप कून हे 1919चे चिनी मंदिर आजही उभे आहे. तरीही मुंबईच्या चायनीजला खरे वळण मिळाले ते 1970च्या दशकात. 1973 मध्ये ताजमहाल हॉटेलात सुरू झालेल्या ‘गोल्डन ड्रॅगन’ने सिचुआन या पश्चिम चीनमधील प्रांताचे तिखट जेवण श्रीमंतांच्या टेबलावर आणले, आणि 1975च्या सुमारास कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरियन प्रथम केले असे मानले जाते. आले, लसूण व हिरवी मिरची ही आपल्या फोडणीची सामग्री घेऊन गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालायचा आणि कॉर्नफ्लॉवरने रस्सा दाट करायचा, ही त्यामागची युक्ती होती. मंच्युरियात हा पदार्थ कोणी खात नाही, याची खंत महाराष्ट्रात कोणालाही वाटलेली दिसत नाही.

हे खाद्य कोल्हापुरात का रुजले, याचे उत्तर गावाच्या बाहेर खाण्याच्या इतिहासात आहे. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली, 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला जागा दिली, 1912 मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान बांधले. व्यापारी, पैलवान, विद्यार्थी आणि कोर्टकचेरीसाठी येणारे खेडूत यांच्या पोटापाण्यासाठी खानावळी ही गावाची गरजच होती. परंतु पंगत ही जातीची असे. महाराजांनी काढलेली वसतिगृहेसुद्धा बहुतांशी जातवार होती, कारण एकत्र जेवण हीच त्या काळची मोठी अडचण होती. म्हणूनच अस्पृश्य समाजातील गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे चहा घेऊन दरबारी मंडळींनाही घ्यायला लावला, ही घटना कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासाइतकीच खाद्येतिहासातही महत्त्वाची आहे. या पार्श्वभूमीवर चायनीजचे एक वेगळेपण लक्षात येते : नूडल्स कोणी रांधाव्यात आणि कोणाच्या हातच्या खाव्यात, याचा कोणताही जुना नियम नव्हता. आचारी बहुधा नेपाळी, दार्जिलिंगकडचा किंवा ईशान्येकडचा. गिऱ्हाईक उभ्यानेच खाणारे. सोवळे-ओवळे आड येण्याआधीच हे खाद्य गल्लीत स्थिरावले होते.

दुसरे कारण पैशाचे आहे. कोल्हापुरात मटण हा कुटुंबाचा, रविवारचा, जत्रेचा विषय. तांबडा-पांढरा रस्सा एकट्यासाठी कोणी करत नाही. 1971 मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यातून विस्तारलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांनी ब्रॉयलर कोंबडीचा धंदा वाढवला, कोंबडी मटणापेक्षा पुष्कळ स्वस्त झाली, आणि पंखाच्या हाडावरचे मांस वर खेचून तळलेले ‘चिकन लॉलीपॉप’ खिशात थोडेच पैसे असलेल्या पोरालाही परवडू लागले. ‘हाफ’ प्लेटची सोय ही या व्यवहारातील सर्वांत लोकशाही गोष्ट म्हणावी लागेल.

गाडीवरचे तंत्र पाहण्यासारखे असते. भात दुपारीच शिजवून परातीत पसरून ठेवलेला असतो, कारण गरम भात कढईत घातला की त्याचा लगदा होतो. त्यासाठी आजऱ्याच्या घनसाळासारखा मऊ, सुवासिक तांदूळ उपयोगाचा नसतो, मोकळा शिजणारा लागतो. कोबी-गाजराच्या किसात मैदा व कॉर्नफ्लॉवर मिसळून केलेले मंच्युरियनचे गोळेही आधीच अर्धे तळून ठेवलेले. मागणी आली की मोठ्या ज्योतीच्या शेगडीवर काळी कढई धुरेपर्यंत तापते, तेल, लसूण, कोबी, ढोबळी मिरची, भात आणि सॉस ओळीने पडतात, लांब दांड्याच्या पळीच्या टोकावर चिमूटभर अजिनोमोटो येतो, आणि दोन-तीन मिनिटांत प्लेट पुढे सरकते. अजिनोमोटो म्हणजे जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या काढ्यातून वेगळे केलेले, चव वाढवणारे क्षार. त्याचा बोभाटा त्याच्या प्रमाणापेक्षा अधिक झाला आहे.

‘शेजवान’, म्हणजे सिचुआनच्या नावाने मिळणाऱ्या, चटणीकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. सिचुआनच्या स्वयंपाकाची ओळख जिभेला बधिरपणा आणणाऱ्या एका फळाच्या सालीत आहे. त्याच वनस्पतिकुळातील, किंबहुना त्याच प्रजातीगटातील तिरफळ सह्याद्रीच्या जंगलात वाढते आणि कोकणात बांगड्याच्या आमटीत पडते. म्हणजे घाट उतरला की ते हाताशी आहे. तरीही आपल्या शेजवान चटणीत ना चिनी फळ असते ना तिरफळ. असते ती वाळलेली लाल मिरची, भरपूर लसूण, तेल आणि व्हिनेगर. संकेश्वरी मिरचीवर आणि कांदा-लसूण चटणीवर वाढलेल्या गावाला ही चव शिकवावी लागली नाही. मिरची स्वतः मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आलेली, आणि चीनमध्येही तिची नोंद त्याच शतकाच्या अखेरची आहे. तेव्हा अस्सलपणाचा वाद घालणाऱ्यांनी जरा जपून घालावा.

याउलट डिमसम, म्हणजे कोळंबी, डुकराचे मांस किंवा भाज्या पातळ पारीत भरून बांबूच्या टोपलीत वाफवलेले लहान घास, कोल्हापुरात सर्वसामान्यांचे झाले नाही. उकडीचा मोदक वळणाऱ्या प्रदेशाला वाफ परकी नाही, त्यामुळे कारण तंत्राचे नाही. कँटन आणि हाँगकाँगमध्ये डिमसम ही सकाळी चहाबरोबर, निवांत गप्पांसह घ्यायची न्याहारी आहे, आणि कोल्हापूरची सकाळ मिसळीने व कटवड्याने आधीच व्यापलेली आहे. चायनीजला मोकळी सापडली ती संध्याकाळ, आणि संध्याकाळी या गावाला तळलेले व झणझणीत लागते. पुढे मोमो आला, पण तोही चीनमधून नव्हे, तर तिबेट-नेपाळच्या वाटेने दिल्लीत रुजून. येथे येताच त्याच्याबरोबर लाल चटणी आली आणि वाफवलेल्या मोमोशेजारी तळलेलाही मांडला गेला.

या खाद्यावरील गंभीर आक्षेप परकेपणाचा नसून रंगाचा आहे. जानेवारी 2024 मध्ये गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंच्युरियनच्या विक्रीला मनाई केली, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यावर राज्यभर बंदी आणली, ज्यात रोडामिन-बी या कापड रंगवण्याच्या रसायनाचा स्पष्ट उल्लेख होता. कोल्हापूर जिल्ह्याची हद्द कर्नाटकाला लागून आहे आणि गोवाही दूर नाही. बेडगी मिरचीचा स्वाभाविक लाल रंग ज्या गावाच्या प्रत्येक घरी बरणीत भरलेला असतो, तेथे मंच्युरियनच्या गोळ्याला पुडीतला रंग लावणाऱ्या गाडीवाल्याला गिऱ्हाइकानेच जाब विचारावा.