लुक्लाची धावपट्टी आणि वैमानिकाचा निर्णय

छोटे विमान उतरवताना वैमानिकाच्या हाती एक हुकमी पर्याय असतो. वेग जास्त राहिला, आडवा वारा सुटला किंवा धावपट्टीवर एखादे जनावर आले, तर इंजिनाची शक्ती वाढवून विमान पुन्हा वर न्यायचे आणि एक फेरी घेऊन नव्याने उतरायचे. यास ‘गो-अराउंड’ म्हणतात. नेपाळमधील लुक्ला येथे मात्र शेवटच्या टप्प्यात हा पर्याय उरत नाही.

एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणाऱ्यांचे लुक्ला हे प्रवेशद्वार होय. सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये येथे धावपट्टी तयार झाली. २००१ मध्ये तिचे डांबरीकरण झाले आणि २००८ मध्ये विमानतळास तेनसिंग-हिलरी असे नाव देण्यात आले. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८४५ मीटर उंचीवरील ही धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब असून तिला सुमारे १२ टक्के चढ आहे. म्हणजेच तिचे एक टोक दुसऱ्याहून ६० मीटरच्या आसपास उंच आहे. ट्विन ऑटरसारखी, कमी अंतरात थांबू शकणारी विमानेच येथे उतरतात.

चढामुळे उतरलेल्या विमानाचा वेग झपाट्याने कमी होतो. म्हणून विमाने दरीकडून येऊन चढावर उतरतात आणि उड्डाण दरीच्या दिशेने करतात. मात्र हाच चढ दृष्टीला फसवतो. आपण प्रत्यक्षाहून अधिक उंचीवर आहोत असे वैमानिकास भासते. त्याने विमान आणखी खाली आणले, तर धावपट्टीच्या अलीकडेच ते कड्यावर आदळण्याचा धोका असतो. शिवाय हवा विरळ असल्याने वेगदर्शकावर नेहमीचा आकडा दिसत असला, तरी वारा नसताना विमानाचा जमिनीसापेक्ष वेग सुमारे १५ टक्के अधिक असतो.

धावपट्टीच्या वरच्या टोकापलीकडे डोंगर उभा आहे. त्यामुळे एका मर्यादेनंतर उतरण्यावाचून गत्यंतर नसते. उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय येथे नसल्याने धावपट्टी डोळ्यांना स्पष्ट दिसणे अनिवार्य ठरते. दुपारकडे वारा आणि ढग वाढतात, म्हणून बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकली जातात.

८ ऑक्टोबर २००८ रोजी धुक्यात उतरणारे एक ट्विन ऑटर विमान धावपट्टीच्या किंचित अलीकडे आदळले. विमानातील १९ पैकी १८ जण मृत्युमुखी पडले. केवळ मुख्य वैमानिक बचावला. २७ मे २०१७ रोजी एक मालवाहू एल-४१० विमानही खराब हवामानात धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला.

इतरत्र चाके टेकेपर्यंत मन बदलता येते. लुक्लात तो निर्णय दरीत असतानाच घ्यावा लागतो. धावपट्टी ढगाआड गेली, तर परतीची वाट मोकळी आहे तोवरच माघारी वळणे, हेच तेथील वैमानिकाचे खरे कौशल्य होय.