टांचण्यांचा नकाशा

इंग्लंडांतील एखाद्या काउंटी कौन्सिलच्या रस्ते-खात्यांत साठ वर्षांपूर्वीं कोणी डोकावला असता, तर भिंतीवर एक मोठा नकाशा व त्यांत टोंचलेल्या रंगीत डोक्यांच्या टांचण्या त्याच्या दृष्टीस पडण्याचा पुष्कळच संभव होता. एक टांचणी म्हणजे एक अपघात. जेथें टांचण्यांची दाटी तेथें यंदाचा पैसा. जेथें एखाददुसरीच, तेथील रहिवाशांच्या अर्जावर 'तूर्त विचार करितां येत नाहीं' असा शेरा. त्या नकाशाची जागा पुढें संगणकानें घेतली, परंतु त्यामागील न्याय बव्हंशीं तोच राहिला. हा न्याय कसा रूढ झाला व त्याच्या डोळ्यांस काय दिसत नाहीं, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

काउंटी कौन्सिलें 1888 च्या कायद्यानें जन्मास आलीं व मुख्य रस्त्यांची निगा त्यांच्याकडे गेली. त्या काळीं निगा म्हणजे खडी, गटार आणि पूल. 17 ऑगस्ट 1896 रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची 44 वर्षांची बाई मोटारीखालीं सांपडून मरण पावली. पायीं चालणाऱ्या माणसाचा मोटारीनें घेतलेला ब्रिटनमधील हा पहिला बळी. पंचांनीं 'अपघाती मृत्यु' असा निर्णय दिला व प्रकरण मिटलें. 1903 च्या कायद्यानें वेगाची मर्यादा ताशीं 20 मैल ठरविली. धोक्याचें वळण, चौरस्ता, तीव्र उतार अशा जागीं खुणेचे फलक लावण्याचें काम कौन्सिलांकडे सोंपविलें, आणि एखाद्या जागीं 10 मैलांची मर्यादा हवी असल्यास वरिष्ठ सरकारकडे अर्ज करण्याची मुभा त्यांस ठेविली. धोक्याची जागा कोणती हें ठरविण्याचा अधिकार अशा रीतीनें स्थानिक सभांच्या हातीं आला. तें कशावरून ठरवावें, हें मात्र कोणी सांगितलें नाहीं. ज्या कोपऱ्यावर एखाद्या वजनदार सभासदाची बग्गी अडखळे, तो कोपरा इतरांच्या आधीं धोक्याचा ठरला नसेल, असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं.

मोजदाद मागाहून आली. रस्त्यांवरील मृत्यूंचे देशव्यापी आंकडे 1926 पासून मिळूं लागले. त्या वर्षीं 4,886 माणसें मेलीं. 1930 च्या कायद्यानें मोटारींवरील वेगमर्यादाच उठविली, कारण ती कोणी पाळीतच नसे! 1934 सालीं मृतांची संख्या 7,343 वर गेली. तेव्हां मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनीं वस्तींत ताशीं 30 मैलांची मर्यादा पुन्हां आणली. ती 18 मार्च 1935 पासून अंमलांत आली. त्यांच्याच नांवानें ओळखले जाणारे पिवळ्या गोळ्यांचे खांब रस्ता ओलांडण्याच्या जागीं उभे राहिले. गोळे कांचेचे असल्यामुळें ते फोडण्याचा नवा खेळ व्रात्य मुलांस मिळाला, ही गोष्ट वेगळी. या जागा कोठें असाव्यात, याच्या योजना स्थानिक सभांनीं करून मंत्र्यांकडे पाठवावयाच्या होत्या. पुढें 1941 मध्यें, युद्धाच्या काळोख्या रात्रींत, मृतांचा आंकडा 9,169 झाला. त्या देशाच्या रस्त्यांवरील ही सर्वांत मोठी संख्या होय.

दोष कोणाचा, हा वाद या सर्व काळांत चालूच होता. मोटारवाले म्हणत, लोक बेसावध चालतात; पादचारी म्हणत, मोटारवाले माजले आहेत. पोलिस खात्यांतील आल्कर ट्रिप यांनीं 1942 च्या आपल्या ग्रंथांत, माणसें आणि भरधाव वाहनें यांना एकाच रस्त्यावर आणणेंच मुळांत चूक, असें मांडिलें. सॅलफर्ड शहरानें त्यापूर्वींच कांहीं गल्ल्या मुलांच्या खेळासाठीं वाहनांस बंद केल्या होत्या, व 1938 च्या कायद्यानें तसें करण्याचा अधिकार इतर स्थानिक सभांसहि मिळाला. डॉर्सेट काउंटीचे सर्व्हेयर राहिलेले जे. जे. लीमिंग यांनीं 1969 मध्यें ग्रंथ लिहून प्रश्नाचें तोंडच फिरविलें. एकाच वळणावर निरनिराळ्या स्वभावांचीं माणसें पुनःपुन्हां तीच चूक करीत असतील, तर शिक्षा माणसांस करीत बसण्यापेक्षां वळण सुधारावें, असा त्यांचा रोख होता. आमच्या मतें या विषयावर इतका उपयुक्त विचार फार थोड्यांनीं केला असेल.

1974 च्या कायद्यानें हा विचार कर्तव्याच्या रूपांत कौन्सिलांवर घातला. आपल्या हद्दींतील अपघातांचा अभ्यास करावा, व त्यांतून जे उपाय योग्य दिसतील ते योजावे, असें त्यांस बंधन झालें. पोलिसांनीं ठराविक नमुन्यांत भरलेले अपघातांचे तक्ते घ्यावयाचे; तीन ते पांच वर्षांच्या नोंदी नकाशावर मांडावयाच्या; दाटीच्या जागा निवडून तेथें प्रत्यक्ष उभें राहून पाहावयाचें. ओल्या रस्त्यावर घसरणें अधिक असेल, तर खरबरीत थर. रात्रीं अधिक असेल, तर दिवे. वळतांना टक्कर होत असेल, तर मधोमध बेट. मग प्रत्येक उपायाचा खर्च एका बाजूस, व त्यानें वर्षभरांत वांचणाऱ्या अपघातांची पौंडांतील किंमत दुसऱ्या बाजूस मांडून क्रम लावावयाचा. जिवाची किंमत पौंडांत मांडणें प्रथमदर्शनीं निर्दय वाटतें खरें. परंतु तिजोरी आटोपशीर असतां क्रम हा लागतोच, आणि तो वशिल्यानें लागण्यापेक्षां हिशेबानें लागलेला बरा. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांवरील 'ब्लॅक स्पॉट' ठरविण्यासाठीं केंद्र सरकारनें 2015 मध्यें घातलेली व्याख्या याच कुळांतली आहे: सुमारें 500 मीटरच्या टप्प्यांत तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, अथवा 10 मृत्यु.

या पद्धतीनें पुष्कळ जीव वांचले, हें नाकारण्याचें कारण नाहीं. ग्रेट ब्रिटनमध्यें 1966 सालीं 7,985 माणसें रस्त्यांवर मेलीं. 2010 मध्यें, कितीतरी पट अधिक वाहनें असतां, 1,850. यांत आसनपट्टे, मद्यपी चालकांची तपासणी, सुधारलेल्या मोटारी व वैद्यकी यांचाहि मोठा वांटा आहे. कौन्सिलांच्या वांट्यास किती, हें वेगळें काढणें सोपें नाहीं.

सोपें कां नाहीं, हें फाशांच्या खेळावरून समजेल. शंभर माणसांस फांसा टाकावयास सांगा, ज्यांस सहा पडले तेवढे निवडून त्यांच्या हातावर कसलेंहि तीर्थ घाला, आणि पुन्हां टाकावयास सांगा. बहुतेकांचें दान उतरेल, व तीर्थ गुणकारी ठरेल! टांचण्यांच्या दाटीवरून निवडलेल्या जागेचेंहि कांहीं अंशीं असेंच असतें. तेथील अपघात पुढील वर्षीं, काय वाटेल तें करा किंवा न करा, थोडेफार उतरावयाचेच. संख्याशास्त्रज्ञांनीं हें पुष्कळदां बजाविलें. पण नवा फलक लावल्यावर आंकडा उतरल्याचें श्रेय कोणता सभासद सोडील?

तथापि या पद्धतीचें खरें वैगुण्य याहून खोल आहे. जेथें कोणी मेलें नाहीं, तेथें धोका नाहीं, असें ती गृहीत धरते. पादचाऱ्यांसाठीं झेब्रा-पट्टे कोठें आंखावेत, याचा एक नियम ब्रिटनमध्यें कित्येक वर्षें चालला. तासाला रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्यावी, तिला तासाला जाणाऱ्या वाहनांच्या संख्येच्या वर्गानें गुणावें, आणि गुणाकार दहा कोटींवर गेला तर मागणीचा विचार करावा. तासाला 1,000 वाहनें व 100 माणसें असतील, तर हिशेब बरोबर जमतो. आतां त्या शंभरांपैकीं चाळीसजण, म्हाताऱ्या बाया, काठी टेकणारे, लेंकुरवाळ्या, वाहनांस भिऊन तो रस्ताच टाकूं लागले, तर उरलेल्या साठांचा गुणाकार सहा कोटींवर थांबतो. भीति वाढली म्हणून गरज घटली, असा निष्कर्ष! इतका बिनचूक आणि इतका अन्यायी गुणाकार आम्हीं दुसरा पाहिला नाहीं. 1995 मध्यें तेथील वाहतूक खात्यानें केवळ या सूत्रावर न विसंबतां जागेचा सर्वांगीण विचार करण्याच्या सूचना काढल्या.

रस्ता टाकणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या मुलांची निघाली. मेयर हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1990 मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, इंग्लंडांतील सात-आठ वर्षांच्या मुलांपैकीं शाळेस मोठ्यांच्या सोबतीवांचून जाणारीं 1971 मध्यें शेंकडा 80 होतीं, तीं 1990 मध्यें शेंकडा 9 उरलीं. मुलांचे अपघात कमी झाल्याबद्दल सरकारी अहवाल समाधान मानीत होते. परंतु त्या समाधानाचा कांहीं भाग तरी मुलांच्या कोंडीवर उभा होता. ज्या गल्लींत मूल पाऊल टाकीत नाहीं, तिच्यावर टांचणी कोठून येणार? आणि टांचणी नाहीं म्हणून पैसा नाहीं, पैसा नाहीं म्हणून वेग तोच, वेग तोच म्हणून मूल घरांत.

हें चक्र तोडण्याची एक वाट एकेक ठिकाण सोडून सबंध मोहल्ल्याकडे पाहण्याची होती. जानेवारी 1991 मध्यें शेफील्ड, किंग्स्टन व नॉरिच येथें ताशीं 20 मैलांच्या मर्यादेचे पहिले टापू झाले, व रस्त्यांवर उंचवटे घालून तो वेग वाहनांस पाळावयास लावला. 1999 पर्यंत अशा टापूस मंत्र्यांची संमति लागे. मग ती अट गेली. लंडनमधील अशा टापूंत 1986 ते 2006 या काळांतील जखमी व मृत यांची संख्या सुमारें शेंकडा 42 नीं उतरली, असें 2009 मधील एका वैद्यकीय नियतकालिकांतील अभ्यासानें दाखविलें. मुलांच्या बाबतींत घट विशेष होती.

वेल्सनें 17 सप्टेंबर 2023 रोजीं पुराव्याचें ओझेंच या खांद्यावरून त्या खांद्यावर ठेविलें. वस्तींतील रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा 30 वरून 20 मैलांवर आली. पूर्वीं 20 मैल कां हवे, हें रहिवाशांनीं टांचण्या दाखवून सिद्ध करावयाचें. आतां एखाद्या रस्त्यावर 30 मैल कां असावे, याचीं कारणें कौन्सिलानें द्यावयाचीं. विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या पडल्या. 2024 मध्यें वेल्सच्या सरकारनें अपवादांविषयींच्या सूचना सुधारून अधिक मोकळीक दिली, व कोणते रस्ते पुन्हां 30 मैलांवर न्यावेत याच्या याद्या करण्यास कौन्सिलें बसलीं.