पहारेकऱ्यांच्याच वाटेने: पुण्यातील एका शोधाचा इतिहास

१/ १९९२ साली पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. १९९३ पासून शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास सुरू झाला.

२/ १९९७ चा निष्कर्ष हादरवणारा होता. देहविक्रयाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित होत्या. बहुतेक जणी विवाहित आणि एकनिष्ठ होत्या. गुप्तरोग आणि एचआयव्ही, दोन्ही पतीकडूनच घरात येत होते.

३/ गुप्तरोगाने धोका का वाढतो? व्रणामुळे त्वचेचे कवच फाटते. शिवाय संसर्गाशी लढण्यासाठी शरीर तेथे सीडी४ पेशी पाठवते, आणि एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो.

४/ २००३ मध्ये पुण्यातील अभ्यासाने दाखवले की, जननेंद्रियांचा हर्पिस नुकताच झालेल्यांना एचआयव्हीचा धोका विशेष असतो. मग हर्पिस दाबून एचआयव्ही रोखता येईल का? २००८ च्या परदेशी चाचण्यांत असायक्लोव्हिर हे औषध अपयशी ठरले.

५/ कारण २००९ मध्ये उमगले. व्रण भरून आल्यावरही त्या पेशी कित्येक आठवडे तेथेच ठाण मांडून असतात. जखम दिसेनाशी होते, वाट मात्र खुली राहते. आणि पुण्यातील त्या स्त्रियांना या वाटेची कल्पनाही नव्हती.