अल्परहदारी वस्ती

निवासी भागातील अंतर्गत रस्त्यांवरून होणारी मोटारींची आरपार रहदारी बंद करणारी, पण त्या भागातील प्रत्येक घरापर्यंत वाहन नेण्याची मुभा कायम ठेवणारी नगररचनेतील व्यवस्था. ब्रिटनमध्ये तिला लो ट्रॅफिक नेबरहुड किंवा आद्याक्षरांवरून एलटीएन म्हणतात. मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. पोलिसांच्या आदेशांत ‘प्रवेश बंद’, ‘एकेरी मार्ग’, ‘जड वाहनांस मनाई’ असे सुटे शब्द येतात, पण संपूर्ण वस्ती हा एक घटक धरून केलेल्या आखणीला त्यांतला कोणताच शब्द पुरत नाही. प्रस्तुत नोंदीत चौकात उभारलेल्या अडथळ्याला अडसर आणि वस्तीला वळसा घालणाऱ्या मोठ्या रस्त्याला हद्दीचा रस्ता म्हटले आहे.

अडसर बहुधा साधाच असतो : मातीने भरलेली मोठी लाकडी कुंडी, लोखंडी खांब, किंवा नुसती पाटी आणि वाहनाचा क्रमांक टिपणारा कॅमेरा. पादचारी व सायकलस्वार त्यातून पार होतात, मोटारीला मात्र मागे वळून हद्दीच्या रस्त्याने जावे लागते. कॅमेऱ्याच्या अडसरातून बस, रुग्णवाहिका, अग्निशामक बंब यांना सोडता येते. त्यामुळे आरंभी खांब रोवलेल्या अनेक ठिकाणी पुढे कॅमेरे आले. त्याबरोबर दंडाच्या नोटिसाही आल्या आणि नगरपालिका तिजोरी भरते आहे, हा आक्षेप वादात कायमचा दाखल झाला.

पूर्वपीठिका : कॉलिन ब्युकॅनन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा ब्रिटिश सरकारचा अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. घराच्या खोल्यांत जाण्यासाठी जसा बोळ असतो, तसे शहरात रहदारीचे रस्ते वेगळे असावेत आणि खोल्यांतून कोणी आरपार जाऊ नये, अशी त्यातली मांडणी होती. लंडनच्या इझलिंग्टन भागातील बार्न्सबरी येथे तिचा प्रारंभीचा प्रयोग १९७० मध्ये झाला. १९६४ साली स्थापन झालेल्या तेथील रहिवासी संघात जुनी घरे विकत घेऊन नव्याने राहायला आलेल्या मध्यमवर्गीयांचा भरणा होता. त्यांच्या गल्ल्या शांत झाल्या, पण गाड्यांचा लोंढा भाडेकरू आणि कामगार कुटुंबे राहत असलेल्या हद्दीच्या रस्त्यांवर वळला, असा आरोप बार्न्सबरी ॲक्शन ग्रुप या विरोधी गटाने केला. या प्रकरणावर जॉन फेरिस यांचे पुस्तक १९७२ मध्ये निघाले. आज लंडनमध्ये जे वाद होतात, त्यांतील बहुतेक मुद्दे त्या वेळीच बोलून झाले होते. हॅक्नीतील डी बोव्हॉर टाउन येथील अडसर १९७० च्या दशकापासून टिकून आहेत. आज त्यांच्याविषयी कोणी भांडत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने १९७५ मध्ये शहरभर अडसर उभारले. ते काढावेत म्हणून १९७६ व १९७७ असे दोनदा मतदान झाले. दोन्ही वेळा अडसरवाले जिंकले. तरीही विरोधक न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रम्फर्ड विरुद्ध सिटी ऑफ बर्कली या खटल्यात अडसर बेकायदा ठरवले : वाहतूक नियंत्रणाची साधने राज्याच्या कायद्यानुसारच असली पाहिजेत आणि अशा साधनाला त्या कायद्यात जागा नाही. यानंतर राज्याच्या विधिमंडळाने व्याख्याच बदलली. रस्त्यातील बेटे व अडसर ही ‘वाहतूक नियंत्रणाची साधने’ नव्हेत, असे ठरले आणि बर्कलीच्या कुंड्या जागच्या जागी राहिल्या. दोनदा घेतलेल्या जनमताने जे मिटले नाही, ते एका व्याख्येने मिटले. या विषयाच्या अभ्यासकाने हा निकाल मुळातून वाचावा.

बर्कली येथील प्राध्यापक डॉनल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची तुलना केली होती. दिवसाला सुमारे २,००० वाहनांच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सुमारे १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता, सरासरी ०·९. हे संशोधन व बार्न्सबरीची हकिकत त्यांच्या ‘लिव्हेबल स्ट्रीट्स’ (१९८१) या ग्रंथात आहे. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने ॲपलयार्ड यांचा मृत्यू झाला.

नेदर्लंड्समध्ये वूनर्फ या पादचाऱ्यांना प्राधान्य देणाऱ्या निवासी रस्त्याच्या प्रकाराला १९७६ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. ख्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार भाग पाडून एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाणे बंद केले.

लंडन : लंडनच्या महापौरांच्या मिनी-हॉलंड या सायकलींना प्राधान्य देणाऱ्या योजनेत २०१४ मध्ये एनफिल्ड, किंग्स्टन व वॉल्थम फॉरेस्ट हे तीन बरो (शहराचे प्रशासकीय विभाग) निवडले गेले आणि प्रत्येकाला सुमारे ३ कोटी पौंड मिळाले. वॉल्थम फॉरेस्टमधील वॉल्थमस्टो व्हिलेजमध्ये ऑर्फर्ड रोड दिवसा मोटारींना बंद झाला, बस मात्र चालू राहिली. दुकानदारांना धंदा बुडण्याची भीती होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये उद्‌घाटनाच्या वेळी विरोधकांनी शवपेटी खांद्यावर घेऊन मोर्चा काढला. गाव मेले, असे त्यांना सुचवायचे होते. पुढे हाच रस्ता पाहायला इतर शहरांचे अधिकारी येऊ लागले. आता येथे घरांच्या किमती कोणाला परवडतात, असा प्रश्न जुने रहिवासी विचारतात.

सध्याच्या वादाला तोंड फुटले ते करोनाच्या साथीत. ९ मे २०२० रोजी वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनी सायकल व पायी प्रवासासाठी २ अब्ज पौंडांची योजना आणि त्यांपैकी २५ कोटींचा तातडीचा निधी जाहीर केला. कामे काही आठवड्यांत व्हावीत, अशी मार्गदर्शिका त्याच दिवशी निघाली. निधी हवा तर घाई करा, असा तिचा रोख होता. लंडनमधील बरोंनी त्या उन्हाळ्यात डझनांनी वस्त्यांना अडसर घातले. अनेक रहिवाशांनी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा कुंडीत माती भरून झाली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने मार्गदर्शिका सुधारून रहिवाशांशी विचारविनिमय करण्यावर भर दिला, पण एव्हाना बरेच घडून गेले होते. ईलिंगमध्ये मोर्चे निघाले, मे २०२१ मध्ये कौन्सिलचे नेतृत्व बदलले आणि त्याच वर्षी बहुतेक अडसर उचलले गेले. टॉवर हॅम्लेट्समध्ये २०२२ साली लुत्फुर रहमान अडसर काढण्याचे आश्वासन देऊन महापौरपदी निवडून आले. लॅम्बेथ, हॅक्नी, साउथवर्क येथे सत्ताधाऱ्यांनी अडसर टिकवले आणि निवडणुकाही जिंकल्या. यावरून लोकमताचा एकच निष्कर्ष काढता येत नाही, तरी दोन्ही बाजू तो काढतात.

रहदारीवरील परिणाम : वेस्टमिन्स्टर विद्यापीठातील संशोधकांनी लंडनमधील ४६ वस्त्यांची मोजणी तपासली. त्यांच्या निष्कर्षानुसार वस्त्यांच्या आतील रहदारी लक्षणीय घटली आणि हद्दीच्या रस्त्यांवरील सरासरी वाढ १ टक्क्याहून कमी होती. मात्र ही सरासरी आहे. काही हद्दीच्या रस्त्यांवर रहदारी कमी झाली, काहींवर वाढली, आणि वाढलेल्या रस्त्यावर राहणाऱ्याला सरासरी दिसत नाही, खिडकी दिसते.

हवा : हवेच्या गुणवत्तेवरील परिणामाबाबत मतभेद आहेत.

विधी व न्यायनिर्णय : इंग्लंडमध्ये असे निर्बंध रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्ट, १९८४ खाली घातले जातात. कायमच्या आदेशापूर्वी प्रसिद्धी देऊन हरकती मागवाव्या लागतात. याच कायद्याच्या कलम ९ खालील प्रायोगिक आदेशाला मात्र हे बंधन वेगळ्या क्रमाने लागू होते : आधी अडसर, मग हरकती. असा आदेश जास्तीत जास्त १८ महिने चालतो. पहिल्या सहा महिन्यांत हरकती घेता येतात आणि त्यानंतर आदेश कायम करायचा की मागे घ्यायचा, हे ठरते. रस्त्यावर प्रत्यक्ष काय घडते ते पाहून मग मत द्यावे, हा त्यामागील विचार. विरोधकांना त्यात निकाल आधी आणि सुनावणी नंतर दिसते. आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान द्यायचे तर सहा आठवड्यांत द्यावे लागते. ही मुदत अनेकांना ती संपल्यावर कळते.

पहिला महत्त्वाचा खटला टॅक्सीचालकांचा. लंडनच्या बिशप्सगेटवर दिवसा बस व सायकलींखेरीज इतरांना मनाई झाली आणि त्यातून काळ्या टॅक्सीही सुटल्या नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने महापौर व ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही शहराची वाहतूक संस्था यांची संबंधित योजना बेकायदा ठरवली. जुलै २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

दुसरा खटला लॅम्बेथमधील. चालण्यास असमर्थ आणि मोटारीवर अवलंबून असलेल्या रहिवाशाच्या वतीने असे मांडले गेले की, इक्वॉलिटी ॲक्ट, २०१० च्या कलम १४९ नुसार अपंगांवरील परिणामांचा विचार आदेशापूर्वीच व्हायला हवा होता. प्रायोगिक आदेशाच्या बाबतीत हा विचार टप्प्याटप्प्याने, प्रयोग चालू असताना करता येतो, हे एप्रिल २०२२ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले. प्रस्तुत नोंदकाराच्या मते पुढील सर्व खटल्यांचा पाया येथे घातला गेला, वृत्तपत्रांनी मात्र त्याची फारशी दखल घेतली नाही.

तिसऱ्या खटल्यात बाजी उलटली. लॅम्बेथमधीलच वेस्ट डलिच येथील रहिवासी गटाने आपली गाऱ्हाणी एका ५३ पानी सादरीकरणात कौन्सिलला दिली होती. निर्णय घेताना ते विचारातच घेतले गेले नाही. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तेवढ्या कारणावरून आदेश बेकायदा ठरवला. गटाचे इतर आक्षेप फेटाळले गेले. अडसर चांगला की वाईट, यावर न्यायालयाने मत दिले नाही आणि देण्याचे कारणही नव्हते. ५३ पाने वाचून अमान्य केली असती, तर आदेश कदाचित टिकला असता.

टॉवर हॅम्लेट्समध्ये उलटे घडले. तेथे रहिवाशांनी अडसर काढण्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागितली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि प्रकरण अपिलात गेले.

राजकारण : जुलै २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी अल्परहदारी वस्त्यांच्या योजनांचा फेरआढावा जाहीर केला आणि आपण मोटारचालकांच्या बाजूचे असल्याचे सांगितले. ज्या पक्षाच्या सरकारने तीन वर्षांपूर्वी निधी दिला, त्याच पक्षाचे ते पंतप्रधान होते. विरोध कधी तोडफोडीपर्यंतही गेला : ऑक्सफर्डच्या काउली भागात खांब मोडण्याचे व जाळण्याचे प्रकार वारंवार झाले.

सायकलमार्ग : अडसर वस्तीच्या आत असतो, सायकलमार्ग बहुधा हद्दीच्या रस्त्यावर, म्हणून दोहोंचे विरोधक नेहमी एकच नसतात. मार्गाने पार्किंगची जागा जाते हा दुकानदारांचा मुख्य आक्षेप. लंडनमधील केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरील प्लास्टिक खांबांचा मार्ग २०२० च्या शरद ऋतूत झाला आणि सुमारे सात आठवड्यांनी, डिसेंबरमध्ये, उखडला गेला.

भारत : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे स्वरूप या कारणांवरून वाहनांवर निर्बंध घालता येतो. निर्बंध एक महिन्यापर्यंतचा असेल, तर राजपत्रातील अधिसूचनेची आवश्यकता नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. पुण्यात वाहतूक शाखेचे आदेश ‘तात्पुरत्या स्वरूपात’ निघतात आणि त्यांत नागरिकांकडून हरकती व सूचना मागवलेल्या असतात, म्हणजे क्रम लंडनच्या प्रायोगिक आदेशासारखाच. येथे वाद होतो तो बहुतांशी एकेरी मार्गावर, आणि कारण जवळपास ठरलेले असते : वळसा किती लांबचा. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आधी बांधलेले सायकलमार्ग अनेक ठिकाणी दुचाकी उभ्या करण्यास उपयोगी पडत आहेत. लक्ष्मी रस्ता २०२१ पासून ११ डिसेंबरला, पादचारी दिनानिमित्त, काही तासांसाठी वाहनांना बंद ठेवला जातो.

मुंबईत पवई तलावाकाठचा सायकलमार्ग ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. तेथे विरोध मोटारचालकांचा नव्हता, पाणथळ जागेत भराव टाकण्याला होता.

माथेरान : अल्परहदारीच्या पलीकडचे, जवळपास पूर्ण मोटारबंदीचे उदाहरण. खासगी गाड्या गावाबाहेर दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे परंपरेने चालत, घोड्यावर, हातरिक्षाने किंवा छोट्या रेल्वेने जायचे. रुग्णवाहिकेस सूट आहे. २००३ मध्ये हा भाग पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. बंदी उठवावी का, हा येथील वादाचा मुद्दा नाही. माणसाने ओढायच्या हातरिक्षाऐवजी ई-रिक्षा चालेल का, चालली तर ती कोणाला मिळावी, आणि रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवले तर घोड्यांचे पाय घसरतील का, हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांचा ई-रिक्षांना असलेला विरोध त्यानेही मावळलेला नाही.