शब्दवेध : तटाची जकात
मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शहराला तट बांधायचा, तर राजा सहसा रोख रक्कम देत नसे. ठरावीक वर्षांपुरता जकातीचा परवाना देई. विक्रीला येणाऱ्या मालावर गाडीमागे, ओझ्यामागे दर ठरे. या जकातीचं नाव ‘म्युरेज’. लॅटिन ‘मुरुस’ म्हणजे भिंत, तट. फरसबंदीसाठीची ती ‘पॅव्हेज’; यॉर्कशरमधल्या बेव्हर्लीला ती १२४९ मध्ये मिळाली. पैसा कशासाठी, हे नावच सांगे. पण नावानं लूट थोडीच थांबते, असं कुणी म्हणेल. थांबत नव्हतीच, म्हणून तर १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानं बजावलं, की तटासाठी दिलेली म्युरेज परवान्याबाहेर जाऊन उकळणाऱ्यांचा हक्क कायमचा जाईल, वर जबर दंडही बसेल. म्युरेज हा मोडला तर हातचा जाणारा करारच होता.